हाय-रेस सराउंड संगीतासाठी घरची व्यवस्था: आधी खोली आणि समोरची जोडी

धागाकर्ता (बेळगाव)

चित्रपट पाहण्यासाठी होम थिएटर बसवणारे आपल्या भागात आता पुष्कळ झाले आहेत. निव्वळ संगीतासाठी पाच स्पीकर लावावेत का, आणि लावायचे तर सुरुवात कुठून करावी, हा प्रश्न मात्र निराळा आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील घरे डोळ्यांसमोर ठेवून त्याची चर्चा व्हावी, म्हणून हा धागा काढत आहे. माझे मत आधीच सांगतो. खर्चाचा आणि कष्टाचा मोठा वाटा खोलीवर आणि समोरच्या दोन स्पीकरांवर पडला पाहिजे. मागचे स्पीकर त्यानंतर आणि सॅम्पलिंगचे, म्हणजे सेकंदाला ध्वनीचे किती नमुने घेतले त्याचे, मोठमोठे आकडे सर्वांत शेवटी.

हाय-रेस म्हणजे सीडीपेक्षा अधिक बारकाईने नोंदलेला ध्वनी आणि सराउंड म्हणजे समोरून तसाच बाजूंनीही येणारा ध्वनी. ते थोडक्यात पाहू. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा असतो. १९९९ साली सोनी आणि फिलिप्स यांनी एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) आणली. तिच्यात एक बिटचे नमुने सेकंदाला २८,२२,४०० वेळा घेतात आणि त्याच डिस्कवर स्टिरिओखेरीज सहा चॅनेलपर्यंतचे (पाच स्पीकर आणि फक्त खर्जासाठीचा सबवूफर) सराउंड मिश्रणही ठेवता येते. पाठोपाठ डीव्हीडी-ऑडिओ आली, जिच्यावर २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झचे सहा चॅनेल बसतात. हे दोन्ही प्रकार सर्वसामान्य ग्राहकांत रुजले नाहीत. आज सराउंड संगीत मुख्यतः ब्लू-रे डिस्क, विकत घेऊन उतरवून घ्यायच्या फ्लॅक फाइली (तपशील न गाळता साठवलेला ध्वनी) आणि स्ट्रीमिंगवरील डॉल्बी ॲटमॉस हा सराउंडचा प्रकार या वाटांनी येते, आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या काही कंपन्या एसएसीडीही काढतात. ॲपल म्यूझिकने जून २०२१ मध्ये ॲटमॉस सुरू केले, परंतु ते तपशील गाळून सेकंदाला ७६८ किलोबिटमध्ये दाबलेले असते. ब्लू-रेवरचे ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ मूळ ध्वनीतील एकही बिट न गमावता मिळते. म्हणून ज्यांना हाय-रेस आणि सराउंड ही दोन्ही एकत्र हवी आहेत, त्यांनी केवळ स्ट्रीमिंगवर विसंबू नये.

आता खोली. आपल्याकडे नव्या बांधकामात १० बाय १२ फुटांची खोली सर्रास आढळते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर १२ फुटांच्या लांबीत सुमारे ४७ हर्ट्झला आणि १० फुटांच्या रुंदीत सुमारे ५६ हर्ट्झला ध्वनिलाट समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून उभी राहते. छतही १० फुटांवर असेल, तर ५६ हर्ट्झचा तोच सूर दोन दिशांनी दुणावतो आणि डग्ग्याचा प्रत्येक घुमारा एकाच स्वरात फुगून ऐकू येतो. पुष्कळ जण अशा वेळी ॲम्प्लिफायर बदलतात आणि पैसे घालवून दोष जिथल्या तिथे राहतो. त्याऐवजी बैठक मागच्या भिंतीला चिकटवू नये, आणि लांबीच्या अगदी मध्यावरही ठेवू नये, कारण भिंतीपाशी खर्ज जास्तीत जास्त फुगतो, तर मध्यावर त्यातला काही भाग जवळजवळ नाहीसा होतो. मागच्या भिंतीपासून लांबीच्या एक-तृतीयांशावर बसून पाहावे आणि तिथून थोडे पुढेमागे सरकावे.

स्पीकरांच्या जागेसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची एक शिफारस आहे आणि स्टुडिओंमध्ये ती प्रमाण मानली जाते. ऐकणारा केंद्रस्थानी असावा, सेंटर स्पीकर नाकासमोर, डावा-उजवा त्याच्या दोन बाजूंना ३० अंशांवर आणि सराउंडची जोडी १०० ते १२० अंशांच्या दरम्यान असावी. पाचही स्पीकर शक्य तो एकाच अंतरावर असावेत. सराउंड स्पीकर पाठीमागे नसून कानांच्या किंचित मागे, बाजूला असतात, ही गोष्ट चित्रपटगृह मनात धरून व्यवस्था करणाऱ्यांच्या हमखास नजरेतून सुटते. घरात पाच सारखी अंतरे मिळत नाहीत. एक मीटर अंतर कापायला ध्वनीला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, म्हणून प्रत्येक स्पीकरचे खरे अंतर टेपने मोजून रिसीव्हरमध्ये (सगळे स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये) भरावे, म्हणजे जवळच्या स्पीकरचा ध्वनी रिसीव्हर तेवढा थांबवून सोडतो.

आमच्याकडे गाणे गादीवर मांडी घालून ऐकण्याची रीत आहे आणि ती मोडायची नाही, हे आधीच ठरले होते. मांडी घालून बसल्यावर कान जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर येतो, तर बाजारात मिळणारे स्टँड खुर्चीच्या उंचीचे असतात. उद्यमबागेतील एका फॅब्रिकेटरकडून चौकोनी लोखंडी पाइपचे बुटके स्टँड करवून घेतले आणि पाइपमध्ये वाळलेली बारीक वाळू भरली. रिकाम्या पाइपवर टिचकी मारली की तो वाजतो, तर भरलेल्या पाइपमधून नुसता ठप् असा आवाज येतो. या स्टँडवर ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा स्पीकरमधला छोटा भाग, बरोबर कानाच्या रेषेत आला आणि तानपुऱ्याची जवारी नेमक्या जागी उभी राहिली. ही सूचना मी सर्वांना आग्रहाने करीन.

प्रतिसाद (निपाणी)

काका, नमस्कार. लेख दोनदा वाचला. माझी अडचण सांगतो. एसएसीडी वाचणारा एक जुना प्लेअर मी विकत घेतला असून तो ऑप्टिकल वायरीने रिसीव्हरला जोडला आहे. डिस्कच्या पाठीवर पाच चॅनेल असल्याचे छापले आहे, परंतु रिसीव्हरवर दोनच चॅनेल दिसतात. विक्रेत्याचे म्हणणे असे की रिसीव्हरच बदलावा लागेल. ते खरे आहे का?

धागाकर्ता (बेळगाव)

रिसीव्हर बदलण्याची घाई करू नका. ऑप्टिकल वायरीतून न दाबलेल्या ध्वनीचे दोनच चॅनेल जातात. सहा चॅनेल त्या वायरीने न्यायचे, तर ते डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएससारख्या दाबलेल्या स्वरूपातच जातात, आणि एसएसीडीचा हाय-रेस प्रवाह त्या वाटेने बाहेर सोडलेलाच नसतो. तुम्हाला जे दोन चॅनेल ऐकू येतात, ते बहुधा त्याच डिस्कच्या सीडी थरावरचे असावेत, कारण बहुतेक एसएसीडी दुहेरी थराच्या असतात. प्लेअरला एचडीएमआय असेल तर त्या वायरीने जोडा आणि प्लेअरच्या मेनूमध्ये एसएसीडीचा मल्टिचॅनेल थर निवडा. एचडीएमआय नसेल, तर मागच्या बाजूला सहा ॲनालॉग सॉकेट आहेत का ते पाहा आणि रिसीव्हरलाही तशीच सहा इनपुट आहेत का ते तपासा. या ॲनालॉग वाटेने जोडल्यावर अंतर आणि खर्जाची विभागणी (कुठपासून खालचा खर्ज सबवूफरकडे जावा ते) पुष्कळ रिसीव्हरांमध्ये लागू होत नाही, ती प्लेअरमध्येच करावी लागते, एवढे ध्यानात ठेवा.

नवा प्लेअर घ्यायची वेळ आलीच, तर साधा ब्लू-रे प्लेअर एसएसीडी वाचत नाही, हे आधी लक्षात घ्या. ओप्पोचे प्लेअर या कामासाठी नावाजलेले होते, पण त्या कंपनीने २०१८ मध्ये हा व्यवसाय थांबवला. सोनीचा यूबीपी-एक्स८००एम२ हा प्लेअर ब्लू-रे, एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ असे तिन्ही प्रकार वाजवतो. फाइलींवर भागणार असेल, तर एखादा छोटा संगणक आणि कोडी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. फ्लॅक फाइलीत आठ चॅनेलपर्यंतचा ध्वनी मावतो आणि तो एचडीएमआयवरून थेट रिसीव्हरला देता येतो.

प्रतिसाद (बेळगाव, शहापूर)

धागाकर्त्यांच्या परिश्रमांविषयी आदर ठेवून मूळ प्रश्न विचारतो. आपण ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत, अभंग ऐकणारी माणसे आहोत. किर्लोस्कर नाटक मंडळीचे संस्थापक अण्णासाहेब याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, आणि कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली इथून जवळच सुळेभावीला झाला. आपल्या कानांना जे मोलाचे आहे, त्यातले बहुतेक ध्वनिमुद्रण मोनो किंवा स्टिरिओ आहे. त्यासाठी पाच स्पीकर कशाला हवेत?

धागाकर्ता (बेळगाव)

प्रश्न रास्त आहे, आणि समोरची जोडी आधी असे मी म्हणतो त्याचे मुख्य कारणही हेच आहे. हिंदुस्थानी संगीताचा जुना ठेवा दोन किंवा एका चॅनेलचा आहे आणि तो तसाच ऐकावा. रिसीव्हरमध्ये डॉल्बी सराउंड नावाची सोय असते, जी दोन चॅनेलच्या ध्वनीतून पाच चॅनेल तयार करते. जुने मोनो मुद्रण तिच्यातून सोडले, तर डाव्या आणि उजव्या चॅनेलमध्ये तंतोतंत सारखे असलेले सगळे काही ती सेंटर स्पीकरकडे ढकलते. संपूर्ण गायन मग पाचांतल्या बहुधा सर्वांत लहान स्पीकरमधून येऊ लागते आणि आवाजाचा भरदारपणा जातो. म्हणून अशा मुद्रणांसाठी रिसीव्हरवर स्टिरिओ किंवा डायरेक्ट हीच बटणे वापरावीत. याला एक अपवाद मी करतो. सभागृहातील मैफलीचे चांगले स्टिरिओ मुद्रण असेल, तर ही सोय लावून सराउंडची पातळी दोन-तीन डेसिबलने खाली आणावी. श्रोत्यांची दाद आणि सभागृहाची गुंज बाजूंना जाते आणि गायकाचा आवाज समोर मोकळा होतो.

मग सराउंडमध्ये ऐकायचे काय? पाश्चात्त्य अभिजात संगीतात पेंटाटोन, बिस, टू-एल यांसारख्या कंपन्यांनी सराउंड मुद्रणाची मोठी परंपरा उभी केली आहे. त्यात दोन विचारसरणी दिसतात. एकीत श्रोता सभागृहात बसलेला असतो, वाद्ये समोरून आणि सभागृहाचा प्रतिसाद बाजूंनी येतो. दुसरीत श्रोता वादकांच्या मधोमध असतो. नॉर्वेच्या टू-एल कंपनीत वादकांना मायक्रोफोनभोवती वर्तुळात बसवून मुद्रण करतात आणि ते ऐकताना पाचही स्पीकरांना सारखेच काम पडते. ज्यांनी आपल्याकडे भजनी मंडळात टाळकऱ्यांच्या रिंगणाच्या आत बसून अभंग ऐकला आहे, त्यांना या दुसऱ्या पद्धतीचा आनंद समजावून सांगावा लागणार नाही. आपल्या संगीताचे अशा पद्धतीने मुद्रण व्हावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. वारकरी भजनाला ही पद्धत फार शोभेल, असे मला वाटते.

प्रतिसाद (चिकोडी)

मी इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर आहे, म्हणून एक मुद्दा नोंदवतो. मनुष्याच्या कानाची मर्यादा सुमारे २० किलोहर्ट्झ आहे आणि ४४.१ किलोहर्ट्झ नमुन्यांत २२ किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी संपूर्ण मावतो. १६ बिटमध्ये सर्वांत बारीक ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. मेयर आणि मोरान यांनी २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओच्या ध्वनिमार्गात मध्येच सीडीच्या दर्जाचा टप्पा घातला, तरी ऐकणाऱ्यांना नेहमीच्या पातळीवर फरक ओळखता आला नाही. मग हाय-रेसचा आग्रह कशासाठी धरावा?

धागाकर्ता (बेळगाव)

तुमचे म्हणणे मला मान्य आहे. पुढे २०१६ साली जोशुआ राइस यांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात फरक ओळखण्याचे प्रमाण ५२.३ टक्के आले. म्हणजे नाणेफेकीपेक्षा किंचित अधिक, आणि कान तयार केलेल्या श्रोत्यांत ते आणखी वाढले. फरक असला तरी तो बारीक आहे, एवढाच याचा अर्थ. तरीही हाय-रेस डिस्क पुष्कळदा सरस वाटते आणि त्याचे कारण मेयर-मोरान यांच्याच निरीक्षणात आहे. या डिस्क जाणत्या श्रोत्यांसाठी काढल्या जातात, त्यांचे मिश्रण निगुतीने केलेले असते आणि आवाजाची पातळी कृत्रिमपणे चढवलेली नसते. आपण पैसे देतो ते त्या निगुतीचे.

बिटचा पल्ला आणि आपली घरे यांचा मेळही एकदा घालून पाहावा. वडगाव, खासबाग भागात यंत्रमागांची खडखड दिवसभर चालू असते. तिथे खिडकी बंद करूनही खोलीतली शांतता २४ बिटच्या पल्ल्याला पुरे पडत नाही, कारण पडद्यामागचा सूक्ष्म ध्वनी मागांच्या आवाजाखाली बुडतो. मागाच्या शेजारी राहणाऱ्याने ९६ किलोहर्ट्झची फाइल शोधण्यापेक्षा खिडकीच्या फटींना रबरी पट्टी लावावी आणि दाराला जाड पडदा टांगावा. सुदैवाने बेळगावच्या हवेत वर्षातले बरेच महिने छताच्या पंख्याविना बसता येते, आणि पंखा बंद असणे ही ऐकणाऱ्यासाठी मोठीच सोय आहे.

प्रतिसाद (खानापूर)

आमचे घर जांभ्या दगडाचे, कौलारू आहे. सोपा, म्हणजे पुढची खोली, लांबट आहे आणि मागच्या भिंतीच्या मधोमध माजघरात जाणारे दार आहे. डावीकडे सराउंड लावायला भिंत आहे, पण उजवीकडे खिडकी येते. शिवाय जून ते सप्टेंबर कौलांवरचा पाऊस आणि दमट हवा. अशा घरात हा खटाटोप करावा का?

धागाकर्ता (बेळगाव)

जरूर करावा. तुमचा सोपा सिमेंटच्या खोलीपेक्षा चांगला वाजेल, असा माझा अंदाज आहे. उतरते छप्पर जमिनीला समांतर नसते, त्यामुळे छत आणि जमीन यांच्यात ध्वनी टाळीसारखा आपटत राहत नाही. जांभ्याच्या उघड्या, खडबडीत भिंती वरचे सूर विखुरतात, म्हणून त्या भिंतींना गुळगुळीत गिलावा करू नका. खिडकीच्या बाजूचा सराउंड चौकटीला लोखंडी ब्रॅकेट लावून त्यावर बसवा आणि डावाही त्याच उंचीवर ठेवा. ही जोडी कानापेक्षा फूटभर वर असली तरी चालते, परंतु दोन्हींची उंची आणि कोन सारखे हवेत. वायर तांब्याची, १४ गेजची घ्या आणि दाराच्या उंबरठ्यावरून न नेता चौकटीच्या वरून फिरवा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येणार नाही. सेंटर स्पीकर ठेवायला जागा नसेल, तर तो घेऊच नका. रिसीव्हरमध्ये सेंटर नाही असे भरले, की त्याचा ध्वनी डाव्या-उजव्यात समान वाटला जातो, आणि एकट्याने मधोमध बसून ऐकणाऱ्याला गायक नेमका मध्येच दिसतो. बाकीच्यांशी न जुळणाऱ्या सेंटरपेक्षा ही चार स्पीकरांची व्यवस्था मला अधिक पसंत आहे.

पावसाविषयी. मुसळधार सरीत कौलांखाली संगीत ऐकता येत नाही, त्याला इलाज नाही. उपकरणे मात्र जपता येतात. स्पीकर घेताना शंकूभोवतीची कडा रबराची आहे की फोमची, हे हाताने पाहून घ्या, कारण फोम काही वर्षांत भुसभुशीत होऊन तुटतो आणि दमट हवेत त्याचे आयुष्य आणखी घटते. उपकरणे रोज थोडा वेळ चालू ठेवा, आतल्या उष्णतेने ओल धरत नाही. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या, की वीजेचा प्लग, केबल आणि डिशची वायर असे सर्व काही काढून ठेवा. नुसते बटण बंद करणे पुरत नाही. स्पीकरांतून बारीक गुणगुण येत असेल तर तीही बहुधा डिशच्या वायरीमार्फत होणाऱ्या दुहेरी अर्थिंगमुळे असते. ती वायर काढून पाहिली की लगेच उलगडा होतो.

प्रतिसाद (निपाणी)

काका, एचडीएमआयने जोडले आणि पाचही चॅनेल आले. आभारी आहे. आता रिसीव्हरसोबत आलेल्या मायक्रोफोनने आपोआप जुळवणी करावी की हाताने?

धागाकर्ता (बेळगाव)

छान झाले. आधी आपोआप होऊ द्या. डेनॉन आणि मरांट्झमध्ये ऑडिसी असते, यामाहामध्ये वायपाओ असते, काही महागड्या रिसीव्हरांत डिराक मिळते. मायक्रोफोन हातात न धरता तिकाटण्यावर, कानाच्या उंचीवर ठेवा, पंखा आणि फ्रीज बंद करा आणि घरच्यांना थोडा वेळ बोलू नका अशी विनंती करा. नंतर निकाल तपासा. स्पीकरांची अंतरे टेपशी ताडून पाहा. सबवूफरचे अंतर खऱ्यापेक्षा जास्त आले असेल, तर ते बदलू नका, कारण सबवूफरच्या अंगच्या फिल्टरमुळे होणारा विलंब त्यात धरलेला असतो. लहान स्पीकरांना रिसीव्हरने मोठे ठरवले असेल, तर ते लहान करा आणि विभागणी ८० हर्ट्झवर आणा. त्याखालचा खर्ज सबवूफरकडे जाईल आणि लहान स्पीकर मोकळे होतील. ज्यांना आणखी खोलात जायचे आहे, त्यांनी रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि यूएमआयके-१ सारखा प्रमाणित मायक्रोफोन वापरावा. खोलीत कोणता सूर किती फुगतो, हे त्यात आलेखावर दिसते.

घोंगडी भिंतीला लावावी का, असे मला खासगीत विचारले गेले आहे, त्याचे उत्तर इथेच देतो. जाड घोंगडी भिंतीपासून चार बोटे पुढे टांगली, तर वरच्या पट्टीतला कर्कशपणा चांगला आवरते. ती कुठे टांगावी हे ठरवायला, बैठकीवर बसून दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात ज्या जागी समोरचा स्पीकर दिसेल, ती जागा. खर्जावर मात्र घोंगडीचा काही परिणाम होत नाही. त्याला कोपऱ्यांत कापडात गुंडाळलेले चार इंच किंवा त्याहून जाड रॉकवूलच लागते.

प्रतिसाद (बेळगाव, वडगाव)

आमची शेजाऱ्यांशी भिंत सामाईक आहे. रात्री माग बंद झाल्यावरच मला ऐकता येते आणि तेव्हा शेजारी झोपलेले असतात. सबवूफर घ्यावा का?

धागाकर्ता (बेळगाव)

तूर्त घेऊ नका. खर्जाची लाट लांब असते आणि ती भिंतीला जुमानत नाही. त्या पैशांत समोरची जोडी एक पायरी वरची घ्या, ज्यात ५० हर्ट्झपर्यंतचा खर्ज स्वच्छ मिळेल. ही जोडी आणि बैठक सामाईक नसलेल्या भिंतीच्या बाजूला सरकवा. सराउंड स्पीकर जवळ असल्यामुळे कमी आवाजातही ते भरलेले वाटतात, म्हणून रात्री एकूण पातळी उतरवा आणि सराउंड एक-दोन डेसिबलने वाढवा. बहुतेक रिसीव्हरांत रात्रीसाठी म्हणून एक वेगळी सोय असते. ती मोठा आवाज दाबते आणि बारीक आवाज उचलते. संगीतासाठी ती बंदच ठेवा, कारण विलंबित ख्यालातला चढउतार तिच्यामुळे सपाट होतो. पुढेमागे सबवूफर घेतलाच, तर तो सामाईक भिंतीपासून दूर, जाड रबरी पायांवर ठेवा आणि शेजाऱ्यांच्या खोलीत स्वतः उभे राहून एकदा ऐका. तिथे घुमारा ऐकू येत असेल, तर तो ऐकू येईनासा होईपर्यंत सबवूफरची पातळी उतरवत जा आणि त्या खुणेपाशी बटणावर रंगाचा ठिपका लावून ठेवा.